‘जपा’ : एका शब्दाचे दोन अर्थ

पुण्यात मी ज्या इमारतीत भाड्याने राहायचो, तिथे वरच्या मजल्यावर नायजेरियाहून शिकायला आलेला एक मुलगा होता. पाणी गेलं की आम्ही दोघंही बादल्या घेऊन खाली टँकरपाशी भेटायचो. तिथेच ओळख झाली. एकदा त्याला विचारलं, तुझ्या गावातली बाकीची पोरं काय करतात? तो हसून म्हणाला, ‘जपा’.

मी दचकलो. माझी आई प्रत्येक फोनच्या शेवटी जवळपास हेच म्हणते. ‘जपून राहजो बापू.’ त्याला सांगितलं, की आमच्या भाषेत ‘जपा’ म्हणजे सांभाळा, काळजी घ्या. त्याच्या योरुबा भाषेत ‘जपा’ म्हणजे पळा. संधी मिळाली की देश सोडा. नायजेरियात गेल्या काही वर्षांत हा शब्द घराघरात पोचलाय. डॉक्टर जपा, नर्स जपा, इंजिनिअर जपा.

शब्दांचा हा योगायोगच आहे, भाषांचं काही नातं नाही. पण तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही. कारण मी मुकुटबनचा. यवतमाळ जिल्ह्याच्या पार दक्षिणेला, झरी जामणी तालुक्यात, वणीवरून आदिलाबादकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं गाव. पैनगंगा ओलांडली की तेलंगणा. आमच्या बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी सगळं ऐकू येतं. आणि आमच्याकडेही बारावी झाली की प्रश्न एकच असतो : कुठे जाणार? नागपूर, पुणे, हैदराबाद, की आणखी लांब?

महिन्याभरापूर्वी बाबांनी फोनवर विचारलं, ‘चार एकर ठेवू का विकू? तू वापस येशील त ठेवतो.’ मी म्हटलं, बघू. ‘बघू’ हे उत्तर नव्हे, हे त्यांनाही कळलं आणि मलाही. त्यानंतर मी वाचायला बसलो. आमच्या या वऱ्हाडातून याआधी जे लांब गेले, त्यांनी तिथून गावाबद्दल काय विचार केला? ते परत आले का? आल्यावर काय झालं?

वर्ध्याचा मुलगा आणि मेक्सिकोचा मका

पहिलं नाव सापडलं पांडुरंग सदाशिव खानखोजे. वर्ध्याचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, टिळकांच्या राजकारणाने भारलेल्या पिढीतला हा तरुण घर सोडून निघाला. जपानमार्गे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचला. बंदूक चालवायला आणि सैन्य उभारायला शिकून परत यायचं आणि इंग्रजांना हाकलायचं, असा साधा सरळ बेत होता.

तिथे त्याला भेटले पंजाबी मजूर. लाकडाच्या गिरण्यांत आणि शेतांवर राबणारे. घरी कर्ज होतं आणि जमिनीचे तुकडे पडलेले, म्हणून आलेले. खानखोजे त्यांच्यातच राबले आणि सोबत शिकलेही. कॅलिफोर्नियातल्या एका लष्करी शाळेत गेले आणि पुढे ओरेगॉन आणि वॉशिंग्टन राज्यांत शेतीशास्त्र शिकले. १९१३ मध्ये गदर पार्टी उभी राहिली. अध्यक्ष सोहनसिंग भकना आणि लेखणी लाला हरदयाळांची. खानखोजे त्या सुरुवातीच्या मंडळींपैकी एक. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला सॅन फ्रान्सिस्कोतून ‘गदर’चा पहिला अंक निघाला.

गदर ही मुळात परदेशी राहणाऱ्यांची चळवळ होती. जे घर सोडून गेले, त्यांनीच घराच्या कारभाराबद्दल सगळ्यात तिखट प्रश्न विचारले. हे असं का झालं असावं? मला वाटतं, परक्या देशात त्यांना दोन गोष्टी एकाच वेळी दिसल्या. तिथल्या माणसाला स्वतःच्या सरकारला जाब विचारता येतो, ही एक. आणि आपल्याला तिथे कोणी मारलं-हाकललं तर आपल्यामागे उभं राहणारं सरकारच नाही, ही दुसरी. गावात असताना गरिबी नशिबाची वाटते. लांबून पाहिलं की ती कारभाराची वाटायला लागते.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं आणि गदरचे लोक हजारोंच्या संख्येने परतीच्या जहाजांत बसले. त्यांच्यात एक मराठी मुलगा होता, तळेगाव ढमढेरेचा विष्णु गणेश पिंगळे. अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकायला गेलेला. परत आला, सैन्यात उठाव घडवण्याच्या प्रयत्नात मार्च १९१५ मध्ये मेरठच्या छावणीत पकडला गेला आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभासोबत फासावर गेला. सराभा तेव्हा १९ वर्षांचा होता.

खानखोजे दुसऱ्या वाटेने निघाले. इराणमार्गे भारतात शिरायचा प्रयत्न केला, तिथे इंग्रजांशी लढले, पण पुढची वाट बंद झाली. मग बर्लिन, मग मॉस्को आणि शेवटी १९२४ मध्ये मेक्सिको. भारतात पाऊल ठेवलं तर अटक ठरलेली. म्हणजे ज्या माणसाने परत येण्यासाठी घर सोडलं होतं, त्याच्यासाठी घराचंच दार लागलं.

आता या गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा भाग. मेक्सिकोत नुकतीच क्रांती होऊन गेली होती. जमिनी वाटल्या जात होत्या आणि नव्याने जमीन मिळालेल्या गरीब शेतकऱ्याला शिकवायला माणसं हवी होती. चापिंगो इथल्या राष्ट्रीय शेतकी शाळेत खानखोजे प्राध्यापक झाले. मक्यावर काम केलं, मका आणि त्याचा रानटी पूर्वज तिओसिंते यांच्या संकराचे प्रयोग केले. शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिवेरा याने मेक्सिको शहरातल्या शिक्षण खात्याच्या इमारतीतल्या एका भित्तिचित्रात त्यांना रंगवलं. सगळे एका टेबलाभोवती बसलेत आणि हा वर्ध्याचा माणूस भाकरी मोडून वाटतोय. तीना मोदोत्ती या नामवंत छायाचित्रकार बाईने त्यांच्या मक्याच्या कणसांचे फोटो काढले.

बंदुकीपासून बियाण्यापर्यंतचा हा प्रवास पराभवाचा नाही, असं मला वाटतं. इंग्रज गेल्यावरही शेतकऱ्याला पोटभर मिळेलच असं नाही, हे त्यांना क्रांती होऊन गेलेल्या देशात राहून कळलं असणार. सत्ता बदलते, पण बी-बियाणं, पाणी, कर्ज आणि ज्ञान कोणाच्या हातात राहतं, यावर शेतकऱ्याचं आयुष्य ठरतं. आमच्या कापसाच्या पट्ट्यात हे कोणाला वेगळं सांगायला नको.

वणीचे बापूजी आणि पायी चालत येणारी माणसं

दुसरं नाव शोधायला लांब जावं लागलं नाही. मुकुटबनहून वणी तासाभरावर. तिथे २९ ऑगस्ट १८८० रोजी जन्मलेले माधव श्रीहरी अणे, म्हणजे लोकनायक बापूजी अणे. यवतमाळचे वकील, टिळकांचे अनुयायी. १० जुलै १९३० रोजी त्यांनी पुसदजवळ सरकारी जंगलातलं गवत कापून जंगल सत्याग्रह केला, हे आमच्याकडे शाळेत सांगतात. पुढचं मात्र सांगत नाहीत.

१९४१ मध्ये अणे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. त्यांच्याकडे खातं होतं समुद्रापलीकडच्या भारतीयांचं. मलाया, ब्रह्मदेश, सिलोन, आफ्रिका, फिजी, जिथे जिथे आपली माणसं मजूर, कारकून, व्यापारी म्हणून गेली होती, त्या सगळ्यांचं. आणि ते खातं हातात आल्यावर काही महिन्यांतच जपानने ब्रह्मदेशावर हल्ला केला.

१९४२ च्या पहिल्या महिन्यांत ब्रह्मदेशातून अंदाजे चार ते पाच लाख भारतीय निघाले. बरेचसे पायी. आराकानच्या वाटेने चितगावकडे, मणिपूरच्या डोंगरांतून, काही तर त्याहून भयंकर वाटांनी. पावसाळा लागला आणि कॉलरा, मलेरिया, उपासमार यांनी हजारो माणसं वाटेतच गेली. त्यात गोऱ्यांना चांगली वाट आणि काळ्यांना वाईट, असा भेदभाव झाल्याच्या तक्रारी आल्या. देशात संतापाची लाट उठली. त्या खात्यावर बसलेला माणूस वणीचा होता, ही गोष्ट मला अनेक दिवस छळत राहिली. खुर्ची होती, पण जहाजं, सैन्य, वाटा सगळं दुसऱ्याच्या हातात. माणसं आपली आणि सरकार परक्याचं, हे दुखणं अण्यांनी आतून अनुभवलं असेल.

फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये उपवास सुरू केला. सरकार त्यांना सोडायला तयार होईना, तेव्हा अण्यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी ते भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला गेले आणि १९४७ पर्यंत तिथे राहिले. चहाच्या मळ्यांवर राबणारे लाखो तमिळ मजूर हा तिथला मोठा प्रश्न. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेले, पण तिथले म्हणून कोणी मान्य न केलेले. अणे परतल्यावर वर्षभरातच, १९४८ मध्ये, सिलोनने नागरिकत्वाचा असा कायदा केला की त्यांतल्या बहुतेकांना कुठलाच देश उरला नाही.

बाहेर गेलेल्या माणसाला दोन्हीकडे जागा लागते. जिथे राबतो तिथे हक्काची आणि जिथून आला तिथे आठवणीची. दोन्हींपैकी एक तरी पक्की नसली, तर तो अधांतरी राहतो. स्थलांतराबद्दल बोलताना आपण पगाराचा हिशोब करतो, या जागेचा करत नाही.

सगळं जग पाहून, बिहारचं राज्यपालपद भोगूनही म्हातारपणी अणे पुन्हा आपल्या मातीच्याच प्रश्नावर आले. १९५९ ते १९६६ या काळात ते नागपूरचे खासदार होते आणि वेगळ्या विदर्भाची बाजू मांडत होते. १९५३ च्या नागपूर कराराने दिलेली आश्वासनं, १९५५ च्या राज्य पुनर्रचना आयोगाने केलेली वेगळ्या विदर्भाची शिफारस आणि १९६० चा संयुक्त महाराष्ट्र. विदर्भाचा प्रश्न या तीन टप्प्यांवर आजही अडून आहे. तुम्ही त्या मागणीच्या बाजूने असा वा विरोधात, तिच्या मुळाशी असलेला प्रश्न साधा आहे : निर्णय घेणारा माणूस आपल्यापासून किती लांब बसलाय?

आमचंच बघा. जिल्हा यवतमाळ, विधानसभा वणी, लोकसभा चंद्रपूर, उच्च न्यायालयाचं खंडपीठ नागपूर आणि मंत्रालय मुंबई. एक काम घेऊन निघालेला माणूस कुठल्या दिशेची गाडी पकडेल?

परत येणाऱ्याची खुर्ची

खानखोजे अखेर आले. स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये, मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारने त्यांना शेतीविषयक सल्ल्यासाठी बोलावलं. चार दशकांनंतर ते आपल्या मातीत उभे राहिले. मग मेक्सिकोला परतून १९५५ मध्ये बेल्जियन पत्नी आणि दोन मुलींसह कायमचे नागपूरला आले. वर्षभरातच ज्या राज्याची नागपूर ही राजधानी होती, ते राज्यच नकाशावरून गेलं.

२२ जानेवारी १९६७ रोजी नागपुरात त्यांचं निधन झालं. त्याच्या आदल्या वर्षी, १९६६ मध्ये, अन्नटंचाईने हैराण झालेल्या भारताने १८ हजार टन गव्हाचं बियाणं आणलं होतं. कुठून? मेक्सिकोतून. ते बियाणं खानखोज्यांचं नव्हतं, नॉर्मन बोरलॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं होतं. पण मेक्सिकोच्या शेतीत तीस वर्षं घालवलेला आपला माणूस तेव्हा नागपुरात होता आणि देशाला त्याची फारशी आठवण नव्हती. २ सप्टेंबर २०२२ रोजी चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा उभा राहिला, लोकसभा अध्यक्षांच्या हस्ते अनावरण झालं. आमच्याकडच्या किती शेतकऱ्यांच्या पोरांना ते नाव माहीत आहे, हे तुम्हीच तुमच्या ग्रुपवर विचारून बघा.

तुलनेला पंजाबराव देशमुख घ्या. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे. १९२० मध्ये विलायतेला गेले, बॅरिस्टर झाले, ऑक्सफर्डची डॉक्टरेट वैदिक धर्माच्या अभ्यासावर मिळवली आणि तिथे न रमता परत आले. मग अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. तिच्या शाळा-कॉलेजांतून विदर्भातल्या शेतकऱ्यांची पहिली पिढी शिकली. पुढे ते दहा वर्षं देशाचे कृषिमंत्री होते.

दोघांमध्ये हुशारीचा फरक नव्हता. पंजाबराव तरुणपणी परत आले आणि त्यांनी स्वतःची संस्था उभी केली. खानखोजे आले तेव्हा वय झालं होतं आणि त्यांचं ज्ञान जिथे रुजेल अशी संस्था त्यांच्यासाठी उभी नव्हती. परत येणाऱ्याला भावनेने बोलावून भागत नाही. त्याच्यासाठी काम करायची जागा तयार असावी लागते, किंवा ती तयार करण्याची ताकद त्याच्यात उरलेली असावी लागते.

लांबून केलेला उपवास

आता पुन्हा वरच्या मजल्यावरच्या मित्राकडे येतो. नायजेरिया १ ऑक्टोबर १९६० रोजी स्वतंत्र झाला. त्याच वर्षी १ मे रोजी आपलं महाराष्ट्र राज्य झालं. म्हणजे दोघं एकाच वयाचे. त्याच्या घरचं बोलणं सुरू झालं की अपहरणाच्या भीतीवर यायचं. २०१४ मध्ये चिबोक गावच्या शाळेतून २७६ मुली पळवून नेल्या गेल्या, ती एक बातमी जगाला कळली. पण रस्त्यावरून, शेतातून, शाळेतून माणसं उचलून खंडणी मागण्याचे प्रकार त्यानंतरही थांबले नाहीत. ऑक्टोबर २०२० मध्ये पोलिसांच्या एका बदनाम पथकाविरुद्ध तिथली तरुण पिढी रस्त्यावर उतरली, तेव्हा लंडनपासून अनेक शहरांत राहणारे नायजेरियनही फलक घेऊन उभे राहिले. बाहेरचे नायजेरियन दरवर्षी साधारण २० अब्ज डॉलर घरी पाठवतात. मतदान मात्र त्यांना बाहेरून करता येत नाही. ‘माझे पैसे पोचतात, मत पोचत नाही,’ असं तो म्हणायचा.

आपल्याकडे २०१० च्या कायद्याने परदेशातल्या भारतीय नागरिकाला मतदार होता येतं. पण मत द्यायला स्वतः आपल्या मतदारसंघात यावं लागतं. पुण्यातल्या मला तरी वेगळं काय? नाव गावच्या यादीत आहे. १९ एप्रिल २०२४ ला चंद्रपूरचं मतदान होतं. शुक्रवार होता. मी गेलो नाही. बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये एक यंत्र दाखवलं होतं, ते काही अजून आलेलं नाही. पण खरं सांगायचं तर मी यंत्र नाही म्हणून थांबलो नव्हतो. सुट्टी टाकायचा कंटाळा केला होता.

आमच्या भागात खंडणीखोर नाहीत. आमची असुरक्षितता वेगळी आहे. ती पावसाची आहे, भावाची आहे, बोंडअळीची आहे. २०१७ मध्ये आमच्याच जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्याच्या तीस वर्षं आधी, १९ मार्च १९८६ रोजी, महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे आणि त्यांचं सगळं कुटुंब गेलं. ती राज्यातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या मानली जाते. २००६ मध्ये पंतप्रधान विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यानंतरही आकडे थांबले नाहीत.

अंबाजोगाईचे अमर हबीब यांनी सुरू केलेलं किसानपुत्र आंदोलन मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. किसानपुत्र म्हणजे शेतकऱ्यांची ती मुलंमुली, जी आता शेती करत नाहीत. शहरात आहेत, नोकरीत आहेत. म्हणजे तुम्ही-मी. २०१७ पासून दर १९ मार्चला ते एक दिवस अन्नत्याग करतात, कुठेही असले तरी. जमिनीच्या कमाल मर्यादेपासून आवश्यक वस्तूंपर्यंतचे शेतकऱ्याला बांधून ठेवणारे कायदे काढून टाका, ही त्यांची मागणी. सगळ्या मागण्या पटतीलच असं नाही, मला कमाल जमीनधारणेबद्दल शंका आहेत. पण एक गोष्ट पटते. गाव सोडून गेलेल्यांचीही गावाबद्दल काही जबाबदारी असते आणि ती मनीऑर्डरने संपत नाही, हे कोणीतरी स्पष्ट म्हटलं.

चार एकर

उपवास लांबून करता येतो. पैसे लांबून पाठवता येतात. मतं तर लांबूनच जास्त जोरात देता येतात, हे फेसबुक उघडलं की दिसतं. गावाचा कारभार मात्र लांबून होत नाही. त्यासाठी कोणीतरी ग्रामसभेत बसावं लागतं. आमच्याकडे २०२२ पासून मोठा सिमेंट कारखाना आहे, आजूबाजूला कोळशाच्या खाणी आहेत, रस्त्यावरून ट्रक धावतात. पाणी, धूळ, रोजगार, जमीन यांवरचे प्रश्न कोण विचारणार? जी पोरं कागद वाचू शकतात, नियम शोधू शकतात, ती पुण्यात बादली घेऊन टँकरपाशी उभी आहेत.

मी काही परत जाऊन राहीन, असं वचन देत नाही. खानखोज्यांना दार बंद होतं. मला दार उघडं आहे आणि तरी मी जात नाही, यात शरम वाटण्यासारखं काही असेलही. पण सगळ्यांनी परत जावं असंही मला वाटत नाही. काही माणसं बाहेर असावीच लागतात. आपल्याकडे चाललंय तसंच चालायला हवं असं नाही, हे कळायला कोणीतरी दुसरीकडे राहून आलेला लागतो.

बाबांना परवा फोन केला. म्हटलं, विकू नका. या वर्षी ठोक्याने द्या आणि १ मेच्या ग्रामसभेला मी येतो, आपण दोघं जाऊ. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘ग्रामसभेला? तिथं त कोणीच येत नाही बापू. सही करून जातेत.’

‘मग आपण बसू,’ मी म्हटलं.

ते हसले. ठेवताना आईने फोन घेतला आणि नेहमीचं वाक्य म्हणाली. तिकीट काढलंय. ३० एप्रिलची गाडी आहे.